प्रेडिक्ट म्हणजे भविष्य सांगणे नव्हे

आमच्या एकलहरे वसाहतीत दहावी-बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. कार्यालयातून सुटल्यावर आम्ही तेथे इंग्रजी आणि वाणिज्य शिकवतो. गेल्या महिन्यात एका मुलीने सरळ प्रश्न टाकला. तिच्या शब्दकोशात प्रेडिक्ट, फोरकास्ट, फोरटेल, फोरसी आणि प्रॉफेसाय अशी पाच क्रियापदे होती आणि पाचांसमोर थोड्याफार फरकाने एकच मराठी अर्थ छापलेला होता : भविष्य सांगणे. "सर, अर्थ एकच तर शब्द पाच कशाला?" असे तिचे म्हणणे.

प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तेवढाच नाही. ज्योतिषाला दक्षिणा देताना, टीव्हीवर पावसाची बातमी ऐकताना आणि "आपले केंद्र बंद होणार म्हणे" ही कुजबुज करताना आपण मराठीत एकच शब्द वापरतो, भविष्य. तिन्ही गोष्टींची लायकी मात्र एक नाही. इंग्रजीने या गोष्टी वेगवेगळ्या क्रियापदांत मांडल्या आहेत. पालकांनीही हे समजून घ्यावे म्हणून हा लेख.

प्रथम प्रेडिक्ट. हा शब्द लॅटिनमधून आला. प्री म्हणजे आधी आणि डिक्ट म्हणजे सांगणे. डिक्टेशन आणि डिक्शनरी हे याच घराण्यातले. म्हणजे प्रेडिक्टचा सरळ अर्थ 'आधी सांगणे' एवढाच. कशाच्या आधारावर, हे शब्दात नाही, त्यामुळे शास्त्रज्ञही प्रेडिक्ट करतो आणि कुडमुड्या जोशीही. फरक आधाराचा आहे. एक सूचना परीक्षेसाठी. आपली मुले 'प्रेडिक्ट अबाउट द मॅच' असे लिहितात, कारण मराठीत आपण सामन्या'विषयी' भाकीत करतो. इंग्रजीत प्रेडिक्टपुढे अबाउट लागत नाही. 'प्रेडिक्ट द रिझल्ट' किंवा 'प्रेडिक्टेड दॅट इट वुड रेन' असे लिहावे. दुसऱ्या वाक्यात विलचे वुड होते, हेही लक्षात असू द्यावे.

शास्त्रातले प्रेडिक्ट कसे असते ते पाहा. एडमंड हॅले या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १७०५ साली असे मांडले की १५३१, १६०७ आणि १६८२ मध्ये दिसलेले धूमकेतू तीन नसून एकच आहे आणि तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात दिसला. सांगणारा हयात नव्हता, पण त्याने गणित मागे ठेवले होते, ते कोणालाही तपासता येत होते. आणि साल सांगितलेले असल्यामुळे धूमकेतू आला नसता तर हॅले चुकला हेही जगाला कळले असते.

येथे एक जुना युक्तिवाद ठरलेला असतो. "पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत बरोबर येते ना? मग त्याच पंचांगावरून सांगितलेले भविष्य खोटे कसे?" आमच्या वसाहतीत शिकलेली माणसेही हे बोलतात. अहो, ग्रहणाची वेळ चंद्र-सूर्याच्या गतीच्या गणिताने येते. ते गणित पंचांगकर्ता करतो, वेधशाळाही करते आणि दोघांचे उत्तर जुळते. पण चंद्र अमुक ठिकाणी असल्यामुळे तुमच्या मुलाला नोकरी लागणार नाही, हे कोणत्या गणिताने आले? रेल्वेच्या वेळापत्रकात पंचवटी एक्स्प्रेसची वेळ बरोबर असते, म्हणून त्यावरून प्रवाशाचे लग्न कधी होईल ते सांगता येत नाही.

आता फोरकास्ट. या शब्दाचा इतिहास मुलांना फार आवडला, म्हणून सविस्तर देतो.

इंग्लंडमध्ये १८५९ च्या ऑक्टोबरात मोठे वादळ झाले आणि 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेहून अधिक माणसे बुडाली. तेथील सरकारी हवामान कार्यालयाचा प्रमुख होता रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजातून जगभर फिरला त्या जहाजाचा हाच कप्तान. वादळाची आगाऊ सूचना मिळाली असती तर माणसे वाचली असती, हे त्याच्या मनाने घेतले. तारयंत्राने ठिकठिकाणचा हवेचा दाब मागवून १८६१ च्या ऑगस्टपासून तो लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवामानाचे अंदाज छापू लागला. प्रश्न आला नावाचा. प्रॉफेसी म्हणावे तर लोक पंचांगवाल्यांत गणतील, प्रेडिक्शन म्हणावे तर शंभर टक्के हमीसारखे वाटेल. फिट्झरॉयने हे दोन्ही शब्द मुद्दाम नाकारले आणि फोरकास्ट हा शब्द घेतला : निरीक्षण आणि आकडेमोड करून बनवलेले मत. अंदाज चुकले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची भरपूर टिंगल केली. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली आणि नंतर काही वर्षे हे छापील अंदाज बंदही राहिले. पण त्याचा शब्द टिकला. आज जगभर हवामानाला फोरकास्टच म्हणतात.

या शब्दातील कास्ट म्हणजे फेकणे. दगड जसा पुढे फेकावा तसा विचार पुढे फेकणे. आणि आपला मराठी शब्द 'अंदाज' घ्या. तो फारसीतून आला आणि त्याचेही मूळ फेकण्यातच आहे! तीर फेकतो तो तिरंदाज आणि गोळा किंवा चेंडू फेकतो तो गोलंदाज. त्यातला 'अंदाज' तोच हा. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच कल्पनेवरून शब्द बनवावेत, ही मौज आहे. म्हणून फोरकास्टला 'भविष्य' नव्हे तर 'अंदाज' हाच नेमका मराठी शब्द, आणि आपल्या वेधशाळेनेही तोच स्वीकारला आहे. व्याकरणाचे म्हणाल तर भूतकाळी फोरकास्ट आणि फोरकास्टेड दोन्ही रूपे शब्दकोशांना मान्य आहेत, तेव्हा फोरकास्टेड लिहिले म्हणून गुण कापले असतील तर शिक्षकांना नम्रपणे विचारावे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. मान्सूनचा पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या काळात निघाला. हिमालयात बर्फ जास्त पडले की मान्सून कमी, असे निरीक्षण त्यामागे होते. पुढे खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले, म्हणूनच पुण्यात शिमला ऑफिस चौक आहे.

हवामान खात्याला नावे ठेवणे हा आपल्याकडचा करमणुकीचा विषय आहे. वेधशाळेने ऊन सांगितले की छत्री घ्यावी, हा विनोद आमच्या लहानपणापासून चालू आहे. आणि खाते चुकतेही. २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. दुष्काळ पडला. पण पुढे काय झाले ते विनोद करणारे सांगत नाहीत. ही चूक खात्याच्याच कागदांवर नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी अंदाजाची पद्धत बदलली. शिवाय अंदाज देताना "यात इतके टक्के इकडे-तिकडे होऊ शकते" हे खाते सोबतच सांगते. स्वतःच्या चुकीची शक्यता आकड्यात सांगणारा ज्योतिषी कोणी पाहिला असेल तर आम्हाला कळवावे.

आम्ही पडलो वाणिज्याचे पदवीधर, त्यामुळे आम्हाला हा फरक जमाखर्चाच्या भाषेत दिसतो. बजेटला मराठीत अर्थसंकल्प म्हणतात, पण जुना आणि आमच्या मते अधिक प्रामाणिक शब्द आहे अंदाजपत्रक. कोणतेही सरकारी अंदाजपत्रक उघडा. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे रकाने असतात. वर्षाच्या सुरुवातीला जे म्हटले, मध्येच जे दुरुस्त केले आणि शेवटी जे घडले, ते सारे समोर. प्रत्यक्षाचा रकाना ठेवण्याची तयारी असेल तर तो फोरकास्ट.

एकलहऱ्याच्या कामगाराला हे सांगायला नकोच, कारण वीजनिर्मिती म्हणजे सगळा अंदाजाचाच कारभार. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड. जेव्हा लागेल तेव्हाच ती बनवायची. म्हणून उद्या राज्याला केव्हा किती वीज लागेल याचा अंदाज आज करावा लागतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक केंद्र आपण किती वीज देऊ शकू ते आदल्या दिवशी कळवते आणि कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र कोणी किती बनवायची ते ठरवते. ठरल्यापेक्षा फरक पडला तर त्याचे पैसे मोजावे लागतात. आमच्या केंद्रातले २१० मेगावॅटचे तिन्ही संच याच शिस्तीत चालतात. अंदाज चुकला की हिशेब लागतो, आणि तोही पंधरा मिनिटांचा!

आता उरलेल्या दोन क्रियापदांकडे, फोरटेल आणि प्रॉफेसाय. फोरटेलचा भूतकाळ फोरटोल्ड. प्रॉफेसायची गंमत उच्चारात आहे. क्रियापद असेल तर शेवटी 'साय' म्हणायचे आणि स्पेलिंगमध्ये एस, नाम असेल तर 'सी' म्हणायचे आणि स्पेलिंगमध्ये सी. यावर हमखास घोटाळा होतो. या दोन्ही शब्दांत आधार विचारण्याची सोय नाही. सांगणाऱ्याला काही दैवी किंवा गूढ शक्ती आहे असे गृहीत धरलेले असते. ज्योतिषी, प्रेषित, देवऋषी यांच्यासाठी हे शब्द.

आपल्या परंपरेत हा विषय अडीच हजार वर्षांपूर्वीच निघाला होता. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ग्रह-नक्षत्रे, अंगावरची लक्षणे, स्वप्ने, पाऊसपाणी यांवरून भाकिते सांगून पोट भरण्याच्या कलांची लांबलचक यादी आहे आणि तथागत अशा हीन विद्येपासून दूर आहेत असे म्हटले आहे. जातककथांमध्ये नक्खत्त जातक नावाची छोटी कथा आहे. वाराणसीच्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी पाहून लग्नाचा दिवस ठरवला. नंतर त्यांनी आपल्या ओळखीच्या एका आजीवकाला "आज नक्षत्र चांगले आहे ना?" असे विचारले. आधी न विचारता दिवस ठरवला याचा त्याला राग आला आणि मोडता घालायचा म्हणून त्याने "आज नक्षत्र वाईट" असे ठोकून दिले. वरपक्ष गेलाच नाही. वधूपक्षाने वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले ते भांडण करून रिकाम्या हाताने परत गेले. एका शहाण्या माणसाने तेव्हा विचारले की मुलगी मिळणे हेच चांगले नक्षत्र होते ना, त्यात ताऱ्यांचा काय संबंध?

ही कथा वाचताना आम्हाला एकलहऱ्याच्या पंचक्रोशीतील एक कुटुंब आठवते. आपल्याच समाजाचे. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती, दोन्ही. मुलीचे लग्न ठरले होते, हॉलची अनामत भरून झाली होती. मुलाच्या मामांनी कोणाकडून तरी पत्रिका करून घेतली आणि मुलीला मंगळ निघाला. लग्न मोडले. अनामत गेली ती गेली, त्या मुलीने वर्षभर घराबाहेर पडणे टाकले. आम्ही त्या मामांना भेटून एवढेच विचारले की ज्याने मंगळ सांगितला त्याने लिहून दिले आहे का, अमुक तारखेपर्यंत अमुक घडेल म्हणून? लिहून काहीच नव्हते. पैसे मात्र रोख गेले होते.

लिहून घेऊन तपासण्याचे काम महाराष्ट्रात झालेले आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार शाळकरी मुलांच्या १०० आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले एवढेच सांगायचे, त्यापलीकडे काही नाही. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. नाणे उडवून सांगितले तरी ४० पैकी २० बरोबर यावीत. या मंडळींची सरासरी निघाली १८ च्या थोडी वर, म्हणजे ४६ टक्के. सर्वांत चांगला निकाल २४ होता आणि यशस्वी ठरण्यासाठी निकष २८ चा ठेवला होता. २००९ मध्ये हे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांची पद्धत मात्र कोणालाही पुन्हा वापरून पाहता येईल इतकी सोपी आहे.

काही वाचक विचारतील, मग असित ऋषीने बाळ सिद्धार्थाविषयी सांगितले होते त्याचे काय? ती कथा बाबासाहेबांच्या ग्रंथातही आहे. पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले ते पाहावे. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, संघात झालेले मतदान आणि युद्धाला दिलेला नकार. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून घर सोडले ही प्रचलित कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. घर सोडले ते माणसांच्या भांडणामुळे आणि स्वतःच्या निर्णयाने. गोदावरीच्या पाण्यावरून दरवर्षी नगर, नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जे चालते ते पाहणाऱ्याला हे कारण पटायला वेळ लागू नये.

पाचवे क्रियापद फोरसी. फोरसी, फोरसॉ, फोरसीन. यात सांगणे नाही, पाहणे आहे. पुढे काय होऊ शकते ते आधी ओळखणे. हा शब्द कामगाराच्या फार कामाचा आहे, कारण तो कायद्यात बसलेला आहे. स्कॉटलंडमध्ये १९२८ साली एका बाईच्या जिंजर बीअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार झाली. हा दावा लंडनच्या सर्वोच्च पातळीवर गेला आणि १९३२ मध्ये निकाल झाला की आपल्या हलगर्जीपणाने कोणाला इजा होईल हे शहाण्या माणसाला आधी दिसण्यासारखे असेल, तर काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. निष्काळजीपणाच्या दाव्यांत आपल्याकडील न्यायालयेही हे तत्त्व वापरतात. उंचीवर काम करणारा माणूस बिनपट्ट्याचा पडला की जमलेली माणसे "नशिबात होते" म्हणतात. कायदा विचारतो, हे फोरसीएबल होते की नव्हते? आमच्या बांधवांनी असल्या वेळी 'नशीब' हा शब्द तोंडातून काढताना चारदा विचार करावा. त्या एका शब्दाने दोष देणाऱ्याचा दोष पुसला जातो.

बाबासाहेबांनी भविष्याविषयी बोलताना कोणती भाषा वापरली हे पाहण्यासारखे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण काढा. देशाचे स्वातंत्र्य पुन्हा जाईल का, भारतीय लोक पंथाला देशापेक्षा मोठे मानतील का, हे प्रश्न ते स्वतःच उभे करतात आणि आपल्याला ते ठाऊक नाही असे सांगतात. घटनेच्या शिल्पकाराने भर सभागृहात हे म्हटले आहे. मात्र लगेच पुढे ते सांगतात की पक्षांनी पंथाला देशाच्या वर ठेवले तर स्वातंत्र्य धोक्यात येणार हे निश्चित. सामाजिक आणि आर्थिक विषमतेविषयीही तसेच. ती लवकर दूर केली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. सगळे 'जर-तर' मध्ये. इंग्रजीत याला फोरटेल म्हणता येणार नाही, वॉर्न म्हणावे लागेल, म्हणजे इशारा देणे. इशाऱ्यात घडणारी गोष्ट टाळण्याची वाट उघडी असते. पत्रिकेतल्या भविष्यात ती नसते, असते ती फक्त शांत, आणि तिचा दर वेगळा.

'विल' आणि 'इज गोइंग टू' यांचाही घोळ मुले करतात. आकाशात काळे ढग दिसत आहेत, म्हणजे पुरावा समोर आहे, तेव्हा 'इट इज गोइंग टू रेन'. नुसते मत असेल तर विल. खात्री कमी असेल तर मे किंवा माइट. वसाहतीतल्या गप्पा आम्ही कधी कधी या फूटपट्टीने मोजतो. आमच्या केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. १४० मेगावॅटचे ते पहिले दोन संच वय झाल्यावर बंद झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच येणार हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. दुसऱ्या बाजूने सगळेच बंद होणार हेही ऐकत आलो. या दोन 'णार'वर लोकांनी घरे बांधली, घरे विकली, मुलांना आयटीआयला घातले, तिथून काढले. मराठीतल्या 'येणार'मध्ये विल, इज गोइंग टू आणि माइट तिन्ही एकत्र झोपलेले असतात. नोकरीवर कर्ज काढणाऱ्याने सही करण्याआधी त्यातला कोणता ते विचारून घ्यावे.

मराठीतला आणखी एक शब्द या निमित्ताने सांगतो, होरा. 'राजकीय पंडितांचा होरा चुकला' असे वृत्तपत्रे निवडणुकीनंतर लिहितात. हा शब्द संस्कृतात ग्रीकमधून आलेला. इंग्रजीतला तास या अर्थाचा अवर आणि हॉरोस्कोप त्याच मुळाचे. तेव्हा पत्रिका म्हणजे अस्सल स्वदेशी ज्ञान असे म्हणणाऱ्यांना तिच्या मुख्य शब्दाचा जन्मदाखला दाखवावा.

राहता राहिली लग्नपत्रिका. आपल्याकडे हल्ली इंग्रजीत पत्रिका छापण्याची हौस वाढली आहे आणि त्यात वरच्या ओळीत 'ऑन द ऑस्पिशस ऑकेजन' हे शब्द असतातच, मग खाली मंगल परिणय बौद्ध पद्धतीने असो. ऑस्पिशस हा शब्द लॅटिनमधील पक्षी आणि पाहणे या दोन शब्दांचा बनला आहे. प्राचीन रोममध्ये कोणतेही सरकारी काम सुरू करण्याआधी ऑगर नावाचे पुरोहित पक्ष्यांचे उडणे पाहून शकुन सांगत, आपल्याकडचा पिंगळा पहाटे सांगतो तसा. त्या ऑगरवरून इनॉगरेशन हा शब्दही निघाला, पण कोनशिलेवरून तो काढायला कोणी सांगत नाही, रुळलेला शब्द आहे. पत्रिकेतला ऑस्पिशस मात्र सहज गाळता येतो. नाशिकरोडला छापायला देताना नुसते 'ऑन द ऑकेजन ऑफ द वेडिंग' असे लिहून द्यावे. अर्थ पूर्ण होतो आणि छापखानेवाला कुरकुर करत नाही.